हंगामी सवलत: तुमच्याकडे साठलेला माल नाही, रिकामे तास आहेत

वाचकाचे पत्र

"मी ऑर्डरप्रमाणे चामड्याच्या बॅगा करून देते. शिलाई सगळी हाताची. सोबत एक मदतनीस आहे, महिन्याच्या पगारावर. महिन्याला 14 बॅगा होऊ शकतात, पण गेले चार महिने ऑर्डरी 9 च्या आसपास अडकल्या आहेत. पूर्वी ग्राहकाला पाच आठवडे थांबावे लागायचे, आता नऊ दिवसांत बॅग तयार होते. बाजार थंड आहे आणि हंगाम तोंडावर आलाय. तयार माल विकणारे सगळे 25-30 टक्क्यांच्या जाहिराती करताहेत. घरचे म्हणतात, तूही 20 टक्के सोड, हात रिकामे ठेवण्यापेक्षा बरे. माझा हिशेब असा: बॅगेची किंमत 100 धरली तर चामडे, अस्तर, धागा, बकल, चेन यांना 32 जातात, पॅकिंग, कुरिअर आणि पेमेंटचे शुल्क मिळून 8. भाडे, वीज आणि मदतनिसाचा पगार मिळून महिन्याला 420. एका बॅगेला दोघांचे मिळून 18 तास लागतात. सवलत देऊ का? आणि दिली तर मागच्याच आठवड्यात पूर्ण किमतीत ऑर्डर दिलेल्या दोघींना काय सांगू?"

उत्तर

सरसकट 20 टक्के देऊ नका. मोजक्या बॅगांवर, ठरावीक तारखांपुरती आणि बदल्यात काहीतरी घेऊन थोडी सवलत द्यायला हरकत नाही, पण तीही खालच्या काही गोष्टी तपासल्यावरच. तुम्ही आकडे देऊन विचारलेत ते फार बरे केलेत. बहुतेक जण "धंदा मंदावलाय, काय करू" एवढेच लिहितात आणि मग उत्तरही तेवढेच मोघम मिळते.

तुमचाच हिशेब पुढे नेऊ. 100 च्या बॅगेतून 40 बाहेर जातात, 60 उरतात. 9 बॅगांचे झाले 540. त्यातून 420 चा ठरलेला खर्च गेला की महिन्याअखेर तुमच्या हाती 120. पूर्वी 14 बॅगांचे 840 यायचे, त्यातले 420 तुमचे असायचे. म्हणजे ऑर्डरी साधारण एक-तृतीयांशाने घटल्या, पण तुमची कमाई सत्तर टक्क्यांहून जास्त घसरली. धीर सुटतो तो इथे, आणि नेमक्या याच घडीला माणूस "काढून टाका 20 टक्के" म्हणतो.

आता ते 20 टक्के लावून बघा. किंमत 80. चामडेवाला आणि कुरिअरवाला काही कमी करणार नाहीत, त्यामुळे बाहेर जाणारे 40 तसेच (पेमेंटचे शुल्क किंचित उतरेल, ते सोडून देऊ). उरले 40. समजा जाहिरात तुफान चालली आणि 14 च्या 14 जागा भरल्या. 14 गुणिले 40 म्हणजे 560, खर्च वजा जाता 140. पाच बॅगा जास्त, 90 तास जास्त, आणि हाती पडले 20 जास्त. हेही सगळे मनासारखे झाले तर. ऑर्डरी 12 वरच थांबल्या तर 480 वजा 420, म्हणजे 60. काहीच न करता मिळाले असते त्याच्या निम्मे, तेही तीन बॅगा जास्त शिवून.

याचे सूत्र लहान आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: सवलतीचा टक्का भागिले (उरणारा टक्का वजा सवलतीचा टक्का). तुमच्या 60 मधून 20 सोडले तर 20 भागिले 40, म्हणजे 50 टक्के जास्त ऑर्डरी आल्या तरच जिथल्या तिथे. 10 टक्क्यांना 20 टक्के जास्त लागतील. 30 टक्क्यांना दुप्पट. तुमचा मदतनीस पगारी आहे म्हणून उरणारा टक्का 60 दिसतो. तोच नगावर काम करत असता आणि बॅगेमागे 25 घेत असता तर उरले असते 35, आणि 20 टक्के सवलतीला ऑर्डरी सव्वादोन पटींच्याही वर न्याव्या लागल्या असत्या. तेवढे तुमच्याच्याने होत नाही. 14 च्या पुढे हातच नाहीत.

ज्यांच्या जाहिराती बघून तुम्ही अस्वस्थ झालात त्यांचे गणितच वेगळे आहे. त्यांच्या गोदामात शिवून झालेला माल पडून आहे. त्यात पैसा अडकलाय, जागा अडलीय, आणि पुढच्या हंगामात त्याची फॅशन जाणार. ती बॅग 30 टक्क्यांनी विकली तरी अडकलेले पैसे सुटतात, म्हणून सेल. तुमच्याकडे न विकलेली बॅग नाहीच. तुमच्याकडे आहेत ते तास, आणि तास साठवून ठेवता येत नाहीत. या मंगळवारची रिकामी दुपार पुढच्या महिन्यात विकता येत नाही. त्यामुळे सवलत द्यायचीच तर ती रिकाम्या दुपारींवर द्यायची, बॅगेवर नाही. पुढचे सगळे या एका फरकावर उभे आहे.

यातून आणखी एक निघते, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑर्डरवर काम करणाऱ्यांसाठी हंगामातली सवलत ही उलटी गंगा आहे. हंगाम म्हणजे मागणी जास्त, तारखा आवळलेल्या, तास महाग. नेमक्या त्याच वेळी तास स्वस्त कशाला करायचे? तुमच्या प्रकारच्या धंद्यात कमी दर शोभतो तो हंगामाच्या आठ-दहा आठवडे आधी नोंदवणाऱ्याला आणि हंगाम ओसरल्यावर येणाऱ्याला. ऐन हंगामात तर घाईच्या कामाला जास्तीचे 10-15 टक्के लावावेत. मंदीतही लागतात, कारण तारीख चुकू नये म्हणून पैसे मोजणारा ग्राहक मंदीत गायब होत नाही.

आता तपासणी. एका संध्याकाळचे काम आहे. गेल्या 12 आठवड्यांत किती जणांनी चौकशी केली, किती जणांना तुम्ही कोटेशन दिले, किती जणांनी ऑर्डर दिली आणि सरासरी ऑर्डर केवढ्याची होती, हे चार आकडे काढा. मग मागच्या वर्षीच्या त्याच 12 आठवड्यांचे. मेसेज आणि ईमेल चाळले की सापडतात.

चौकश्याच घटल्या असतील, पण कोटेशन घेतलेल्यांपैकी ऑर्डर देणारे पूर्वीइतकेच असतील, तर सवलतीचा काही उपयोग नाही. जो दारात आलाच नाही त्याला किंमत जास्त वाटली असे कसे म्हणणार? तिथे काम आहे ते जुन्या ग्राहकांना निरोप पाठवण्याचे, नव्या कामांचे फोटो टाकण्याचे. चौकश्या तेवढ्याच, पण कोटेशननंतर माणूस गप्प होत असेल, तर अडचण किमतीची असेल किंवा धास्तीची. ऑर्डरींची संख्या टिकून सरासरी खाली आली असेल, तर लोकांना तुमची बॅग हवीय, फक्त लहान किंवा साधी हवीय. तिन्हींवर औषध वेगळे आहे.

दुसऱ्या प्रकारातल्यांना विचारून बघा. गप्प झालेल्या सात-आठ जणांना साधा मेसेज: "आत्ता घ्यायचे नाही असे ठरवलेत की किंमत बजेटबाहेर गेली? दोन्ही चालेल, मला पुढचे कोटेशन नीट देता येईल." सगळे उत्तर देणार नाहीत, पण जे देतील त्यांत "आत्ता नको, बघू" म्हणणारे बरेच निघाले तर समजा, ही धास्ती आहे. मंदीत माणसाला पैसे जाण्यापेक्षा पैसे अडकण्याची भीती जास्त असते. त्यात तुमच्याकडे ॲडव्हान्स द्यायचा, आठवडे थांबायचे, आणि वस्तू दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही.

या धास्तीवर किंमत न उतरवता काय करता येते याचे गाजलेले उदाहरण मोटारींच्या धंद्यातले आहे. 2009 च्या जानेवारीत, अमेरिकेत नोकऱ्या जात असताना, ह्युंदाईने तिथे योजना आणली की गाडी घेतल्यापासून वर्षभरात उत्पन्न बंद पडले तर गाडी परत करता येईल. त्या वर्षी तिथला गाड्यांचा एकूण बाजार सुमारे 21 टक्क्यांनी आकसला आणि ह्युंदाईची विक्री सुमारे 8 टक्क्यांनी वाढली. त्याला छोट्या गाड्यांची मागणी, सरकारी मदत अशी बाकीची कारणेही होती, सगळे श्रेय त्या योजनेला देणे चुकीचे ठरेल. परत आलेल्या गाड्या मात्र फारच थोड्या होत्या. धीर देणे हे सूट देण्यापेक्षा स्वस्त पडू शकते, एवढे त्यातून घ्या.

तुमच्यासाठी त्याचे रूप असे. पैसे तीन टप्प्यांत घ्या: नोंदणीला 40, चामडे कापून झाल्यावर त्याचा फोटो पाठवून 30, पाठवण्याआधी 30. पहिले 40 च का, तर तुमचे बाहेर जाणारे 32 आणि 8 तेवढ्यात भागतात. ग्राहक मध्येच गायब झाला तरी खिशातून काही जात नाही. आणि अट साध्या शब्दांत लिहून द्या: कापण्याआधी ऑर्डर तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येईल किंवा रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतील, कापल्यावर पहिला हप्ता परत नाही. नावाची अक्षरे उमटवायची असतील तर ती सगळ्यात शेवटी, तिसरा हप्ता आल्यावर. अक्षरे उमटली की ती बॅग दुसऱ्याला विकता येत नाही. हे लोक विसरतात आणि नाव असलेल्या बॅगा कपाटात पडून राहतात.

तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे लोक लहान-साधे मागत असतील तर, किंमत उतरवा, पण तासाचा दर उतरवू नका. तुमच्या 18 तासांच्या बॅगेतून तासाला 60 भागिले 18, म्हणजे 3.33 सुटतात. 20 टक्के सोडले की 2.22. आता याच बॅगेची हलकी आवृत्ती करा: अस्तर नाही, आतला खिसा नाही, कडा दुमडून शिवायच्या ऐवजी कापलेली कड घोटून रंगवलेली, पट्टा एकाच लांबीचा. समजा तास 12.5 वर आले, माल आणि कुरिअर मिळून 30, आणि किंमत ठेवली 72. उरतात 42, तासाला 3.36. ग्राहकाला 28 ने स्वस्त बॅग मिळाली आणि तुमच्या तासाला धक्का लागला नाही. तासांचा आकडा मात्र अंदाजाने ठरवू नका, एक नमुना घड्याळ लावून शिवा.

यात एक खाचखळगा आहे. अस्तर काढले की चामड्याची मागची बाजू उघडी पडते. ती तंतुमय असेल तर आतल्या कागदांना, कपड्यांना भुसा लागतो आणि तक्रार येते. एकतर मागून गुळगुळीत असलेले चामडे निवडा किंवा ती बाजू घोटून घ्या, आणि तो वेळही 12.5 तासांत धरा. बचत करू नये अशा जागा तीन: धागा, पट्टा जोडतो तिथली शिलाई आणि बकल. बॅग परत येते ती याच तिघांपायी, आणि एका परत आलेल्या बॅगेचे दोन वेळचे कुरिअर आणि दुरुस्तीचे तास मिळून वाचवलेले सगळे जाते.

सवलतीआधी आणखी एक दार उघडून बघा: दुरुस्ती. हात आखडता घेतलेला ग्राहक नवे घेत नाही, पण जुने टिकवायला बघतो. चेन बदलायला दीड तास धरा, 7 घ्या, चेनचे दीड गेले की साडेपाच उरतात, म्हणजे तासाला 3.67. ही कमाई पूर्ण किमतीच्या नव्या बॅगेपेक्षा जास्त आहे, सवलतीच्या बॅगेचे तर नावच नको. शिवाय मालात पैसे अडकत नाहीत. अनेक कारागिरांना दुरुस्ती कमीपणाची वाटते. वाटू द्या, तुम्ही यादीत तीन-चार कामे ठरलेल्या दराने टाका (चेन, पट्टा, उसवलेली शिलाई, कडांचा रंग) आणि बाकीची नाकारा. "बघून सांगते" असे ठेवले की बघण्यातच तास जातात.

एवढे करूनही तास रिकामे उरतात का बघा. उरत असतील तर सवलतीची वेळ आली, आणि ती अशी द्या.

पुढच्या सहा आठवड्यांचे कॅलेंडर घ्या आणि नक्की रिकाम्या दिसणाऱ्या जागा मोजा. पाच रिकाम्या असतील तर तीनच विक्रीला काढा. दोन जागा पूर्ण किमतीच्या ऑर्डरीसाठी आणि कामात काही बिघडले तर त्यासाठी. किंमत 85 ठेवा. बदल्यात ग्राहकाने चार गोष्टी सोडायच्या: डिझाइन तुमच्याकडे साचे तयार असलेल्या दोनपैकी एक, रंग तुमच्याकडे आत्ता असलेल्या चामड्यातला, तारीख तुम्ही द्याल ती, पैसे दोन हप्त्यांत, 50 आणि 35. यातली रंगाची अट सगळ्यात मोलाची आहे. ग्राहकाच्या मर्जीचा रंग म्हणजे नवे अख्खे चामडे, त्यातले बॅगेला लागते तेवढे कापून बाकीचे महिनोन्महिने पडून. पोटाकडचा भाग तर ताणतो, पट्ट्याला चालतच नाही. उलट तिन्ही बॅगा एकाच चामड्यातून एकदम कापल्या तर साचे एकमेकांत बसवता येतात, वाया कमी जाते. कडांनाही तेच: रंगाचे तीन-चार थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा. एकच बॅग असेल तर वाळायची वाट बघण्यात लय तुटते. तीन असतील तर तिसरीच्या कडा होईपर्यंत पहिलीचा थर वाळत आलेला असतो. 18 तासांचे किती होतात ते मोजा. जे वाचेल तीच तुमच्या सवलतीची खरी भरपाई.

हिशेब: 9 बॅगा पूर्ण किमतीत 540, तीन बॅगा 45 प्रमाणे 135, मिळून 675. खर्च जाता 255, आताच्या 120 च्या दुपटीहून जास्त. आता वाईट बाजू. त्या तिन्ही जागा अशा माणसांनी घेतल्या ज्यांनी एरवी पूर्ण किंमत दिली असती, तर सहा बॅगांचे 360 आणि तिन्हींचे 135, मिळून 495. हाती 75. म्हणजे सगळे उलटे पडले तरी नुकसान 45 चे, त्याच्या खाली जात नाही. कारण जागा तीनच आहेत. सरसकट सवलतीत या नुकसानाला तळच नसतो. संख्या बांधणे हा या योजनेचा कणा आहे; "चौथीही द्या ना" म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

मजकूर साधारण असा चालेल:

"पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तीन बॅगांची जागा मोकळी आहे. डिझाइन या दोनपैकी, रंग फोटोतल्या तीनपैकी. नेहमीची किंमत 100, या तीन बॅगांना 85, कारण तिन्ही एकाच वेळी कापून शिवणार आहोत. नोंदणी रविवारपर्यंत. अक्षरे, वेगळे माप किंवा वेगळा रंग हवा असेल तर नेहमीच्या किमतीत, नेहमीसारखे."

कारण सांगितले आहे ते बघा. "मंदीमुळे खास सवलत" असे कधी लिहू नका. तयार वस्तू विकणारा बुडायला आला तरी ग्राहकाचे काही जात नाही, तो वस्तू घेऊन घरी जातो. तुमच्याकडे तो आधी पैसे देतो. धंदा डळमळीत आहे असा वास आला की ॲडव्हान्स देणारा हात मागे घेतो, आणि मग 40 टक्के सूट दिली तरी येत नाही.

सवलत रकमेत सांगा, टक्क्यात नको. तुमच्या दोन डिझाइनना ठरलेली किंमत आहे म्हणून फारसे बिघडणार नाही, पण जे माप बघून कोटेशन देतात त्यांना टक्का फार महाग पडतो. मोठ्या ऑर्डरीत मालाचा वाटा मोठा असतो, आणि टक्का मालावरही लागतो, ज्यात तुमचे काहीच नसते. "15 टक्के" जाहीर केले की ग्राहक कुरिअरवरही 15 टक्के मागतो, तो वाद वेगळाच.

दोन अपघात वारंवार होतात, ते आधी सांगून ठेवते. पहिला रांगेचा. ग्राहकाला किती थांबावे लागेल हे साधे भागाकाराने कळते: हातातल्या ऑर्डरी भागिले आठवड्याला होणाऱ्या बॅगा. तुमच्या आठवड्याला तीन-सव्वातीन होतात. सरसकट सेलमध्ये चार दिवसांत 20 ऑर्डरी आल्या तर रांग सहा-सात आठवड्यांवर जाते, आणि हंगामासाठी मागवलेली बॅग हंगाम संपल्यावर पोचते. मग परतावे, चिडलेले मेसेज, घाईत शिवलेल्या टाके वाकड्या बॅगा. त्या सात आठवड्यांत पूर्ण किंमत द्यायला तयार असलेला माणूस येतो, तारीख ऐकतो आणि जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही. आणि बॅग ही काही दर महिन्याला घ्यायची वस्तू नव्हे. सेलमध्ये आलेल्यांतले बरेच जण दोन-तीन महिन्यांनी येणारच होते, ते फक्त आधी आले. पुढचे दोन महिने म्हणून आणखी ओस.

दुसरा अपघात ॲडव्हान्सचा, आणि ऑर्डरवर चालणारे छोटे धंदे बंद पडतात ते जास्त करून याने. सेलमुळे एकदम ॲडव्हान्स जमा होतो, खाते भरलेले दिसते, त्यातून थकलेले भाडे दिले जाते. बॅग शिवायची वेळ येते तेव्हा चामड्याला पैसे नसतात, म्हणून पुढच्या ग्राहकाच्या ॲडव्हान्समधून चामडे आणायचे, त्याच्यासाठी त्याच्या पुढच्याच्या. ऑर्डरी थांबल्या की सगळे एकदम उघडे पडते. वेगळे खाते काढा. पहिला हप्ता त्यात जाईल आणि त्या बॅगेचे चामडे, बकल, कुरिअर एवढ्यालाच त्यातून बाहेर येईल. बॅग पाठवली की मगच उरलेले तुमचे. ॲडव्हान्स ही कमाई नव्हे, देणे आहे.

कधी थांबायचे तेही सुरू करण्याआधी कागदावर लिहा. 85 ला तीन जागा रविवारपर्यंत भरल्या नाहीत तर सोमवारी 75 करायच्या नाहीत. त्याचा अर्थ किंमत ही अडचणच नव्हती. वरच्या तपासणीकडे परत जा. भरल्या तरी लगेच दुसरी फेरी नको, निदान एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. ठरावीक काळाने सवलत येते हे एकदा कळले की लोक तिची वाट बघत बसतात, आणि ती सवय मोडणे भल्याभल्यांना जमत नाही. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने 2012 मध्ये कूपने आणि सततचे सेल बंद करून रोजचीच किंमत कमी ठेवायचे ठरवले. त्या वर्षी विक्री सुमारे 25 टक्क्यांनी पडली आणि 2013 मध्ये तिथल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. सेलची चटक लागलेल्याला रोजची रास्त किंमत स्वस्त वाटत नाही.

किंमत आधी 115 करायची आणि मग 100 ला "सवलतीत" विकायची, असा सल्लाही कुणीतरी देईलच. देऊ नका कान. जुन्या ग्राहकांकडे तुमची जुनी कोटेशने आहेत. कायद्याचाही प्रश्न येतो: युरोपीय संघात तर 2022 पासून सवलत जाहीर करताना आधीच्या निदान 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवणे बंधनकारक आहे, आणि फसव्या मूळ किमतीवर बऱ्याच देशांत कारवाई होते.

एक अपवाद. नमुने म्हणून शिवलेल्या, रद्द झालेल्या ऑर्डरींच्या किंवा रंगात किंचित फसलेल्या बॅगा कपाटात असतील तर त्या 30-40 टक्क्यांनी बिनधास्त काढा. तो तयार मालच आहे, त्याला सेलचे नियम लागू. फक्त "तयार नमुने, आहेत तसे" असे वेगळे लिहा, म्हणजे ऑर्डरच्या बॅगेच्या किमतीशी कुणी तुलना करणार नाही. दोष असेल तर त्याचा जवळून फोटो टाका.

राहिल्या मागच्या आठवड्यातल्या दोघी. त्यांनी विचारण्याची वाट बघू नका, जाहिरात टाकण्याच्या आदल्या दिवशी तुम्हीच कळवा. दोघींचे चामडे अजून कापले नसेल तर त्यांना सरळ पर्याय द्या: तयार डिझाइन, हातातला रंग आणि तुमची तारीख चालणार असेल तर त्याही 85 मध्ये येऊ शकतात, पण त्या तीन जागांपैकी दोन त्यांच्या होतील आणि जाहिरातीत एकच उरेल. त्यांनी स्वतःचे माप किंवा रंग सांगितला असेल तर त्यांची वस्तूच वेगळी आहे. तसे सांगा, आणि वर्षभरानंतर एकदा बॅग तेल देऊन, कडा रंगवून मोफत ताजी करून देईन असे लिहून द्या. तासाभराचे काम आहे. चामडे कापून झाले असेल तर पहिला पर्याय देऊ नका, फक्त दुसरा. आणि फरकाचे पैसे परत मागितलेच तर एकीला एक आणि दुसरीला दुसरे असे नको. दोघींना एकच उत्तर, लेखी, एकाच दिवशी.